एकशे चाळीसला

रात्रपाळीहून सकाळी नऊला घरी येते.
बूट काढते, पण झोपत नाही.
लाँगटनमधल्या या एकाला एक चिकटलेल्या विटांच्या रांगेत
आमची जिन्यावरची खोली एवढीशी:
इस्त्रीचं टेबल, सुटकेसा,
खिडकीवर खिळ्यांनी ठोकलेली जुनी दुलई
आणि सात तारांची काळी गिटार,
जिच्याबद्दल हॉस्पिटलात कुणाला बोलले नाहीये.

अँपचा गडगडाट सगळा हेडफोनच्या आत.
बाहेर फक्त पिकाची चिकचिक,
कोणी शेंगा सोलत बसल्यासारखी.

साठावरून सुरू करायचं.
चौसष्ट. अडुसष्ट.
मेट्रोनोमला दया नाही, रागही नाही.
सहा सुरांचा एक घास, तो मी असा मोजते:
भराभर भराभर.
शंभरापर्यंत बोटं शहाण्यासारखी वागतात,
एकशे वीसला मनगटाचं लाकूड होतं,
एकशे चाळीसला
जिन्यावरून साबुदाण्याचा डबा सांडतो
आणि त्यातला प्रत्येक दाणा मोजून पडायला हवा.

टेक एकोणचाळीस: बॉयलर पेटला.
टेक चाळीस: पोस्टमन. दार उघडलं नाही.
टेक त्रेपन्न बरा.
बरा म्हणजे, ज्याला कळत नाही त्याला फारच छान.

मग तो अर्ध्या वेगानं ऐकला.

रात्रभर मी लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते.
केसाएवढी चीर कुठे लपते मला ठाऊक आहे:
सांध्यालगत, सावलीत,
जिथे दुखणाराही बोट ठेवत नाही.
पडद्यावर माझाच आवाज नागमोडी पसरला होता
आणि तिथेही तसंच.
दुसऱ्या घासातला पाचवा सूर नाहीच.
भराभर भ-भर.
'रा' गळालेला.
जुने टेक उघडले. मार्चमधल्यात नाही,
गेल्या नाताळातल्यातही नाही.
वर्षभर मी तिथे घसरत होते
आणि त्याला वेग म्हणत होते.

दारावर थाप. शेजारची मॉरीन,
एकोणऐंशी वर्षांची, पायात घरातल्या सपाता,
हातात माझं तारांचं पार्सल.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
"वाजवण्याचं काही नाही, ते मला ऐकूच येत नाही.
तुझा पाय येतो. भिंतीतून.
शेवटी शेवटी पळतो तो, पोरी."

मॉरीननं चौतीस वर्षं
कपांच्या कडांवर सोन्याची रेघ ओढली,
कारखाना बंद होईपर्यंत.
तिनं पार्सल ठेवलं,
जिन्याच्या कठड्यावर कोपर टेकवलं,
दोन बोटांत नसलेला ब्रश धरला.
"चाक फिरतं. घाई त्याची.
आपण नुसतं टेकायचं.
हातानं घाई केली
की रेघ जिथे जुळते तिथे गाठ येते,
आणि कप जातो सेकंडच्या फळीवर."
तिच्या घरी सेकंडचे बेचाळीस कप आहेत.
आळीपाळीनं सगळ्यांतून चहा पिते.

ती गेल्यावर पाय खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवला.
पुन्हा साठ.
एकशे चाळीसला पोचेस्तोवर दीड वाजला,
डोळ्यांत वाळू.
टेक एकाहत्तर.
'रा' आला.
लहानसा, जरा घोगरा, पण आला.
त्या आनंदात पुढचा सूर चुकला,
आणि शेवटची ओढलेली तार
हवी त्याहून वर गेली, वरच राहिली.

तो टेक पुसला नाही. फाइलला नाव दिलं: सेकंड.
हेडफोन गळ्यात तसाच ठेवून झोपले.

साडेतीनला अर्णवी शाळेतून आली,
दप्तर टाकत म्हणाली, आज दिवसभर काय केलंस?
एक अक्षर शिकले, म्हटलं,
आणि बटाटे उकडायला लावले.